जांभळ्या ज्योतीखालचे सलाइन

(दृश्य : अंधारलेली प्रयोगशाळा. बारीक नळीच्या टोकाशी जांभळट ज्योत. खाली काचेच्या थाळीतील द्रवाला पडलेला खळगा.)

नळीतून येणारा आर्गॉन वायू द्रवाच्या पृष्ठभागावर अशा जोराने आदळतो आहे की तेथे वाटीसारखा खळगा पडला आहे. ज्योतीसारखे दिसणारे ते जांभळे टोक म्हणजे आग नव्हे. वायूला विजेचा उच्च दाब दिला की त्याच्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू, आयन, इलेक्ट्रॉन व प्रकाश यांचे जे मिश्रण तयार होते त्याला प्लाझ्मा म्हणतात. हे इलेक्ट्रॉन अत्यंत तप्त असतात, परंतु ते संख्येने थोडे आणि वजनाने नगण्य असल्यामुळे सगळा वायू काही तापत नाही. म्हणून याला थंड प्लाझ्मा हे नाव पडले. रक्तपेढीतला पिवळसर प्लाझ्मा वेगळा; त्याचे आणि याचे नाते शब्दापुरतेच आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये आयनीभूत वायूला हा शब्द वापरला आणि तेव्हापासून भौतिकशास्त्राचे व वैद्यकाचे विद्यार्थी एकाच नावाने दोन भिन्न गोष्टी शिकत आले आहेत.

आपल्याला मात्र ज्योतीपेक्षा तिच्याखालच्या द्रवाकडे अधिक पाहायचे आहे; असा द्रव कर्करोगावर उपयोगी पडेल काय आणि तो शरीराला कितपत सुरक्षित आहे, हा आपला विषय आहे.

(दृश्य : तीच ज्योत, संथ गतीत, अगदी जवळून.)

ज्योतीचे टोक आणि द्रव यांच्यामध्ये काही मिलिमीटर हवा आहे. आर्गॉन स्वतः निष्क्रिय असला, तरी त्याने वाहून आणलेली ऊर्जा हवेतील ऑक्सिजन, नायट्रोजन आणि बाष्प यांचे रेणू फोडते. त्यातून हायड्रॉक्सिल, नायट्रिक ऑक्साइड यांसारखे अत्यंत चंचल घटक जन्माला येतात. त्यांतील बहुतेकांचे आयुष्य सेकंदाच्या लहानशा अंशाएवढे असते; ते एकमेकांशी किंवा पाण्याशी संयोग पावतात आणि वीज बंद केल्यानंतर द्रवात प्रामुख्याने हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट आणि नायट्रेट उरतात. प्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा द्रव शेजारीशेजारी ठेवले, तर कॅमेऱ्याला त्यांतला फरक कळत नाही. पेरॉक्साइड मोजण्याची कागदी पट्टी बुडवल्यावर एक पट्टी पांढरीच राहते आणि दुसरी निळी होते, एवढाच काय तो दृश्य पुरावा.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली काचेला चिकटलेल्या पेशी, काही वेळाने त्या गोळा होऊन सुटू लागतात.)

जपानच्या नागोया विद्यापीठात हिरोमासा तानाका, मासारू होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवावर अशी ज्योत सोडली आणि तो द्रव ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींवर ओतला. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार कर्कपेशी मरत होत्या, तर मेंदूतील निरोगी अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी त्याच मात्रेला टिकून राहत होत्या. ज्योत थेट शरीरावर सोडायची, तर ती जेथे पोहोचेल तेथेच काम करणार. द्रव मात्र सुईने आत सोडता येतो आणि पोटाच्या पोकळीत पसरलेल्या बारीक गाठींपर्यंत वाहत जाऊ शकतो. अंडाशयाच्या आणि जठराच्या कर्करोगात अशा विखुरलेल्या गाठी शल्यचिकित्सकाच्या हाती लागत नाहीत, म्हणून नागोयातील पुढचे पुष्कळसे काम उंदरांच्या उदरपोकळीवर केंद्रित झाले.

अडचण पोषक द्रवाचीच होती. अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, ग्लुकोज आणि रंगद्रव्य घातलेले ते मिश्रण थाळीतील पेशींसाठी आहे. माणसाच्या शरीरात सोडण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

(दृश्य : स्टँडला लटकवलेली सलाइनची बाटली. नळीतून थेंब पडतो आहे.)

ही बाटली आपल्यापैकी प्रत्येकाने कोणाच्या तरी उशाशी पाहिलेली आहे. बोलीभाषेत आपण सगळ्यांनाच ‘सलाइन’ म्हणतो. हिच्यावर ‘रिंगर लॅक्टेट’ असे लिहिले आहे. लंडनचे वैद्य सिडनी रिंगर हे १८८० च्या दशकात बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. हृदय उत्तम चालले. पुढे लक्षात आले की द्रव ऊर्ध्वपातित पाण्याचा नसून नळाच्या पाण्याचा केला गेला होता आणि शुद्ध पाणी वापरताच हृदय क्षीण होत होते. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमने ते चालवले होते. द्रवात नकळत काय उतरले आहे, हे विचारण्याची शिस्त या बाटलीच्या जन्मातच आहे, आणि आमच्या विषयाला याहून समर्पक पूर्वकथा आम्हाला सापडली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी तिच्यात सोडियम लॅक्टेटची, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या क्षाराची, भर घातली.

तानाका आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की याच रिंगर लॅक्टेटवर प्लाझ्मा सोडला असता त्यातील लॅक्टेटमध्ये बदल होतात आणि तयार झालेला द्रव कर्कपेशी मारू शकतो. मूळ द्रव वैद्यकात मान्य असल्याने सुरक्षिततेचा प्रश्न निम्मा सुटला, असे येथे वाटू शकते. तो तसा सुटत नाही, कारण ज्योतीखालून निघाल्यावर हा मूळचा द्रव उरलेलाच नसतो.

(दृश्य : निळ्या पट्ट्या. मोजणीयंत्राचा पडदा.)

पेरॉक्साइडचे उदाहरण घेऊ. जखम धुण्यासाठी वापरले जाणारे तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड बंद पोकळीत शिरले, तर एका मिलिलिटरमधून सुमारे दहा मिलिलिटर ऑक्सिजन सुटतो. तो रक्तवाहिनीत गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. प्लाझ्मा दिलेल्या द्रवांत हे प्रमाण सामान्यतः हजार पटींहून अधिक विरळ असते, त्यामुळे बुडबुड्यांची भीती येथे गैरलागू ठरते. लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयाने तर किरणोपचाराला जोड म्हणून अर्धा टक्का पेरॉक्साइड स्तनातील गाठीत टोचण्याची १२ रुग्णांवरील प्राथमिक चाचणीही केली आहे, आणि तेही या द्रवांपेक्षा शेकडो पटींनी तीव्र आहे. यावर टीकाकारांचा प्रश्न असा की अनेक प्रयोगांत केवळ तेवढेच पेरॉक्साइड मिसळून जवळपास तोच परिणाम मिळत असेल, तर ज्योतीचा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. लॅक्टेटपासून बनणारे घटक हे नागोयाचे उत्तर आहे, परंतु प्रत्येक द्रवाला ते लागू होत नाही.

निरोगी पेशी वाचतात, या दाव्यालाही थाळीची मर्यादा आहे. पोषक द्रवात पायरुव्हेट (पेशींच्या ऊर्जेसाठी घातला जाणारा एक क्षार) असेल, तर ते पेरॉक्साइड शोषून घेते. पेशी दाट असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते. दोन प्रकारच्या पेशी दोन वेगळ्या पोषक द्रवांत वाढवून एकीला निवडक मरण आल्याचे सांगणे फसवे ठरू शकते. रक्तात तर तांबड्या पेशींतील कॅटालेज हे विकर पेरॉक्साइडचा फडशा इतक्या झपाट्याने पाडते की विषारीपणा आणि उपयोग दोन्ही एकदमच ओसरतात.

(दृश्य : उबवणयंत्रातील अंडी. प्रकाशासमोर धरलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचे लाल जाळे.)

जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्याजवळील ग्राइफ्सवाल्ड येथे प्लाझ्मा विज्ञानाची लायबनित्स संस्था आहे. तेथे विकसित झालेल्या आर्गॉन ज्योतीच्या उपकरणाला २०१३ पासून जखमांवरील उपचारासाठी वैद्यकीय मान्यता आहे. ही ज्योत जनुकांना इजा करते काय, हे तपासण्यासाठी संशोधकांनी कोंबडीची फलित अंडी वापरली. कवचाला छोटी खिडकी पाडून ज्योत आत सोडली जाते आणि काही दिवसांनी गर्भाच्या रक्तपेशी काचपट्टीवर पसरून त्यांत मुख्य केंद्रकाबाहेर सुटलेले लहान केंद्रक, म्हणजे तुटलेल्या गुणसूत्राची खूण, मोजली जाते. अशा खुणांत वाढ आढळली नाही. कानावरील जखमेला प्लाझ्मा दिलेल्या उंदरांना वर्षभर सांभाळून तपासले, तेव्हाही गाठी वाढल्या नव्हत्या. हे निकाल दिलासा देणारे आहेत. मात्र ते ज्योतीचे आणि त्वचेचे आहेत, उदरपोकळीत मुरलेल्या द्रवाचे नव्हेत, आणि प्रसिद्धीच्या मजकुरात हा भेद बहुधा गळून पडतो.

उंदरांत उदरातील गाठी घटल्याचे निष्कर्ष अनेक गटांनी दिले आहेत. माणसातील कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध म्हणून असा कोणताही द्रव आज उपलब्ध नाही.

(दृश्य : शीतपेटीचे दार उघडते. पांढरे धुके. बर्फाळलेल्या कुप्यांची चवड. हातमोज्यातील बोटे एक कुपी बाहेर काढतात.)

या पेटीतील तापमान शून्याखाली ८० अंश आहे. साध्या फ्रिजमध्ये किंवा बाकावर ठेवलेल्या द्रवाची शक्ती घटत जाते, म्हणून दोन प्रयोगशाळांतील एकाच नावाचे द्रव, किंवा एकाच प्रयोगशाळेतील सकाळची आणि संध्याकाळची कुपी, एकसारखी असेलच असे नाही. वायू कोणता, नळीचे टोक किती उंचीवर, किती मिलिलिटर द्रवाला किती मिनिटे, खोलीतील हवा दमट की कोरडी, इलेक्ट्रोड द्रवाला टेकत असल्यास त्याचा धातू किती उतरला, या प्रत्येक गोष्टीने कुपीतील मात्रा बदलते. या कुपीवर तारीख लिहिली आहे, मिनिटे लिहिली आहेत, आणि पेरॉक्साइडच्या आकड्यासाठी सोडलेली जागा अजून भरलेली नाही. बोटांनी कुपी उचलली आहे ती मोजणीसाठी.