एल्मिनाला जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना नावाचं कोळ्यांचं छोटं गाव आहे. बहुतेक पर्यटक राजधानी आक्राहून सकाळी येतात, किल्ला पाहतात आणि अंधार पडायच्या आत परततात. तसं करू नका. निदान दोन रात्री तिथं राहा, आणि बंदर पाहायचा दिवस मंगळवार नसेल असं बघा. मंगळवारी इथले कोळी समुद्रावर जात नाहीत, त्यामुळे बंदर ओस असतं.

निघण्याआधी पीतज्वराची लस घ्यायलाच हवी, तीही सरकारमान्य केंद्रातूनच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. तिचं पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. ते घानात उतरताना लागतं. परतताना भारतातल्या विमानतळावर ते नसेल, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारून घ्या.

आक्राच्या कानेशी स्थानकातून केप कोस्ट शहराकडे ट्रोट्रो, म्हणजे वडापच्या गाड्या सुटतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण गाडी भरल्याशिवाय हलत नाही आणि वाटेत कासोआ गावाला वाहतूक तुंबते, म्हणून अर्धा दिवस हाताशी धरा. केप कोस्टहून पुढे एल्मिनाला शेअर टॅक्सी मिळते.

किल्ला पोर्तुगिजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला, म्हणजे गोवा घेण्याच्या 28 वर्षं आधी. पुढे हजारो गुलाम इथूनच जहाजांवर चढवले गेले. वाटाड्यासोबतच आत फिरा, घाई करू नका. बायकांना कोंडायच्या कोठड्या एका चौकाभोवती आहेत आणि वर गव्हर्नरची गॅलरी. तिथं उभं राहून तो खाली आणलेल्या बायकांतून एकीला निवडत असे. त्या चौकात उभं राहून एकदा वर बघाच. शेवटी भिंतीतली अरुंद फट येते, तिच्यातून एका वेळी एकच माणूस बाहेर पडू शकतो.

मग समोरची सेंट जागो टेकडी चढा. 1637 मध्ये डचांनी या टेकडीवर तोफा चढवल्या आणि किल्ला घेतला. हे वरून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. खाली बेन्या खाडीवरचा पूल, त्याच्या एका अंगाला किल्ला, दुसऱ्या अंगाला बाजार.

बंदरावर सकाळी जा. इथल्या होड्यांचा तळ एकाच अखंड खोडाचा कोरलेला असतो, त्यावर फळ्या ठोकून काठ उंच करतात. मासळीचा सौदा बायकांच्या हातात असतो. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका, आणि पैसे देताघेताना डावा हात पुढे करू नका. तो अपमान समजतात. या किनाऱ्याला लाटांची ओढ जबर असते, पोहण्याचा मोह टाळा.

शाकाहारी मंडळींनी रेड-रेड मागावं: पाम तेलात शिजवलेली चवळी आणि तळलेली पिकली राजेळी केळी. चवळीत सुकी मासळी घातली आहे का, हे आधी विचारा, बरेचदा घालतात.

एक सकाळ काकुम अरण्यासाठी राखून ठेवा. झाडांच्या शेंड्यांतून जाणारे सात झुलते पूल तिथं आहेत, जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंच. दार उघडतानाच पोहोचा. उशिरा सहलीच्या मुलांची रांग लागते आणि पक्षी गप्प होतात. हत्ती दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका, तिथं पाहायची ती झाडं, पक्षी आणि फुलपाखरं.