हात आवरला की तोर्तिया जमते

नमस्कार मंडळी. आधी एक गोष्ट क्लिअर करते म्हणजे पुढे गोंधळ नको. तोर्तिया म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ती मेक्सिकन पोळी येते, रॅपवाली. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे बटाटा आणि अंड्याचं जाडजूड गोल आम्लेट, केकसारखे तुकडे कापून खायचं. नाव एकच, पदार्थ पूर्ण वेगळे.

आम्ही व्हॅलेन्सियात चार वर्षं होतो, मिस्टरांच्या नोकरीमुळे. घरमालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांच्या ओट्याशी उभं राहून मी जे शिकले तेच आज सांगणार आहे, रेस्टॉरंटचं काही नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. कारण मी ढवळत होते. आपल्याला सवयच असते हो, जरा परत, झाकण काढून बघ, चिमूटभर काहीतरी टाक. त्यांच्या स्वयंपाकात साहित्य इतकं मोजकं की चव यायची ती तेलातून आणि वेळातूनच, आणि ती येत असताना आपण मध्ये हात घातला की गेली.

तर तोर्तिया. चार जणांना 600 ग्रॅम बटाटे, 6 अंडी, एक मोठा कांदा, मीठ, आणि ऑलिव्ह ऑइल बटाटे बुडतील इतकं. हो, बुडतील इतकं, इथेच सगळ्या मला थांबवतात. पण ते सगळं पोटात जात नाही, बटाटे शिजले की तेल गाळून ठेवायचं आणि परत वापरायचं, बाईंकडे त्यासाठी वर गाळणी बसवलेला वेगळा डबाच होता. आपल्याकडे ऑलिव्ह ऑइल महाग पडतं, मी निम्मं सूर्यफूल घालते, चालतं. शेंगदाण्याचं मात्र नको, त्याची स्वतःची चव पुढे येते.

बटाट्याच्या काचऱ्या करायच्या, आपण भाजीला करतो तशाच, फक्त जरा जाड. आणि त्या तळायच्या नाहीत, तेलात शिजवायच्या. चर्र असा आवाज आला तर आच जास्त आहे, बारीक बुडबुडे येत राहिले पाहिजेत, बास. कांदा पण त्यातच. 20 ते 25 मिनिटं. काचरी झाऱ्याने दाबल्यावर मोडली पाहिजे, कुरकुरीत झाली की बिघडली. मग गाळायचं, फेटलेल्या अंड्यात सगळं घालायचं, मीठ घालायचं आणि 10-15 मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं. हे ठेवणं बहुतेक लोक गाळतात आणि मग म्हणतात आमची तोर्तिया सुटी सुटी होते. अहो, बटाट्याला अंडं प्यायला वेळ तर द्या.

मग छोटा खोलगट नॉनस्टिक पॅन, चमचाभर तेल चांगलं तापवून त्यात मिश्रण ओतायचं आणि लगेच आच कमी. कडा सुटल्या, पॅन हलवल्यावर सगळं एकत्र हलायला लागलं की पॅनपेक्षा मोठी ताटली वर उपडी ठेवायची, तळहाताने घट्ट दाबायची आणि एका झटक्यात उलटं करायचं, मग ताटलीवरनं हळूच सरकवत परत पॅनमध्ये. पहिल्यांदा मी घाबरत हळूहळू उलटलं तर कच्चं अंडं मनगटावर आलं आणि चांगलं भाजलं, म्हणून सांगते, सिंकवर उभं राहून करा आणि अर्धवट थांबू नका. स्पॅनिशमध्ये ‘तोर्तिया उलटली’ म्हणजे डाव पालटला, इतका हा क्षण त्यांच्या बोलण्यात मुरलाय.

बटाट्यावरून एक आठवलं. स्पॅनिशमध्ये बटाटा म्हणजे पाताता. हा शब्द तयार झाला दोन शब्दांच्या सरमिसळीतून, अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतला पापा म्हणजे बटाटा, आणि कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा बाताता म्हणजे रताळं. हाच बाताता पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि बटाटा झाला. म्हणजे आपण रोज भाजीवाल्याकडे जे मागतो ते नाव कॅरिबियन बेटांवरून आलंय. मला तर हे कळल्यावर किती दिवस बटाटा सोलताना तेच डोक्यात असायचं.

आता पाएया, तिथला भाताचा प्रकार. डबल एलचा उच्चार य होतो म्हणून पाएया. हे मुळात भांड्याचं नाव, त्या पसरट पातळ कढईचं, आणि ती व्हॅलेन्सियाची. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या भोवती भातशेती, तिथल्या शेतकऱ्यांचं हे दुपारचं जेवण. पारंपरिक पाएयात काय असतं तर चिकन, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गाररोफो नावाचे मोठे पांढरे पावटे, टोमॅटो, केशर, तेल, पाणी, मीठ आणि तांदूळ. मासे, कोळंबीचा पाएया किनाऱ्यावर करतात, तोही खरा. पण चोरिसो सॉसेज घातलं की व्हॅलेन्सियाचा माणूस म्हणतो हा पाएया नाही, हा ‘आरोस कोन कोसास’, म्हणजे वस्तू घातलेला भात! आणि त्यांचं बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. 2021 मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारने पाएयाला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं, उगाच नाही.

आधी मांस तेलात लालसर होईपर्यंत शांतपणे परतायचं, मग शेंगा, मग किसलेला टोमॅटो, तो आटून गडद होईपर्यंत. पाणी घालून अर्धा तास उकळू द्यायचं, म्हणजे स्टॉक तिथेच तयार होतो. मग माणशी 100 ग्रॅम तांदूळ, न धुता, सगळीकडे सारखा पसरायचा. आणि इथून पुढे चमचा लावायचा नाही. एकदाही नाही. ढवळलं की तांदळाचा स्टार्च सुटतो आणि खिचडी होते. तिथे बोंबा नावाचा आखूड गोल तांदूळ घेतात, तो पाणी भरपूर पितो आणि तरी फुटत नाही. मी इथे कोलम घेते, पाणी थोडं कमी घालते. इंद्रायणी चिकट होतो, बासमती तर नकोच. आपला बर्नर लहान म्हणून दर दोन मिनिटांनी भांडं थोडं थोडं फिरवायचं, ढवळायचं नाही, फिरवायचं.

18-20 मिनिटांनी पाणी संपलं की शेवटचं एक मिनिट आच वाढवायची आणि कान द्यायचा. आधी उकळीचा आवाज असतो, तो बदलून तडतड सुरू होते आणि भाजल्याचा गोड वास येतो. तेव्हा बंद. तळाशी जी खरवड धरते तिला सोकारात म्हणतात आणि तिच्यासाठी टेबलावर भांडणं होतात, आपल्याकडे दुधाच्या पातेल्याच्या खरवडीवरून व्हायची तशीच. वाढून घ्यायची पद्धत नाही, भांडं मध्ये ठेवायचं आणि प्रत्येकाने आपल्या समोरचा भाग लाकडी चमच्याने खायचा.

अंडं-मांस न खाणाऱ्यांनी सेव्हियाचे पालक-चणे करा, एस्पिनाकास कोन गारबान्सोस. काबुली चणे शिजवलेले, पालक वाफवलेला. आणि जीव आहे तो वाटणात. शिळ्या पावाची स्लाइस आणि लसूण तेलात तळायचं, खलबत्त्यात जिरं घालून कुटायचं, चमचाभर व्हिनेगर घालायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजीच्या घरची आठवण झाली, कारण वाटणाने रस्सा दाट करणं ही आपलीच पद्धत, फक्त खोबऱ्याच्या जागी पाव. त्यात पिमेंतोन पडतं, म्हणजे लाल मिरचीची पूड, सगळ्यात नावाजलेली ला व्हेरा भागातली, ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची. ती घालताना गॅस बंद करायचा, तेल जास्त तापलेलं असेल तर दोन सेकंदात करपते आणि कडू होते, फोडणीत तिखट करपतं तसंच. काश्मिरी मिरचीने रंग येतो, धुराचा वास येत नाही, त्यासाठी ऑनलाइन एक छोटा डबा मागवाच, वर्षभर पुरतो.

गाझपाचो, म्हणजे गार सूप, उन्हाळ्यात करा, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, पाव, तेल, व्हिनेगर मिक्सरमधून काढून गार करायचं, त्यात शिकवण्यासारखं फार नाही, टोमॅटो पिकलेले लालबुंद हवेत एवढंच.

शेवटचं, कांद्याचं. तोर्तियात कांदा हवा की नको यावर स्पेनमध्ये दोन तट आहेत, घराघरात आहेत. गॅलिसियातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया बिनकांद्याची आणि आतून चक्क ओघळणारी, बाईंची कांद्याची आणि आतून जेमतेम ओलसर. मागच्या टेबलावर दोन्ही ठेवल्यात, सकाळीच केल्यात, आता गार झाल्या असतील आणि तोर्तिया गारच जास्त चांगली लागते. पावात घालून खा, तिथे तसंच खातात. डावीकडची कांद्याची आहे.