मिनिटाला २६०

(दृश्य: बालरुग्ण अतिदक्षता विभाग. मॉनिटर.)

मिनिटाला २६० ठोके. बाळ रडलं तरी २६०, निजलं तरी २६०. तापामुळे वाढलेले ठोके असे एकाच आकड्यावर ठाण मांडून बसत नाहीत. ते वरखाली होतात आणि तान्ह्या बाळात सहसा २२०च्या आत राहतात. हा हृदयातल्या विद्युतमार्गाचा दोष आहे, एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी अतिवेगवान लय. छातीत धडधडतंय हे बाळ सांगू शकत नाही. ते दूध ओढायचं थांबतं, किरकिरतं, घामेजतं. हे लक्षात यायला दिवस-दोन दिवस गेले, तर हृदय थकायला लागतं.

पहिला उपाय बर्फाचा. पिशवीत बर्फ आणि पाणी घालून ती चेहऱ्याच्या वरच्या भागावर १५ ते ३० सेकंद ठेवायची. नाक-तोंड मोकळं हवं, डोळ्यांवर दाब नको. एवढ्यानं भागलं नाही, तर ॲडेनोसिन: वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम, पुढचा डोस दुप्पट. या औषधाचा असर सेकंदांत ओसरतो. म्हणून कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून ते झटक्यात द्यायचं आणि पाठोपाठ सलाइन ढकलायचं. हाताच्या पंजावरच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं, की हृदयाशी पोचेपर्यंत त्यात काही उरत नाही. आणि केसपेपरवर ‘औषधाचा उपयोग नाही’ असा शेरा पडतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. औषध देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवलेली नसते. लय कशी तुटली, तुटण्याआधी शेवटची लहर कोणती होती, की ठोके मंदावल्यावर मागे फ्लटरचे, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या वेगळ्या जलद लयीचे, करवतीसारखे दाते दिसले? निदान त्या दोन वीत कागदावर असतं. लहान मुलांच्या हृदयलयीचे तज्ज्ञ फोनवर आधी तीच पट्टी मागतात.

(दृश्य: कॅथ लॅब.)

लय ताळ्यावर आली की ईसीजीत डेल्टा लहर, म्हणजे ठोक्याच्या लहरीच्या सुरुवातीचा तिरका चढ, शोधतात. ती दिसली, तर विजेला जायला एक जादा वाट आहे, म्हणजेच डब्ल्यूपीडब्ल्यू. मग डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध टाळायचं. व्हेरापामिल तर एक वर्षाखालच्या बाळाला शिरेतून द्यायचंच नाही, रक्तदाब कोसळू शकतो. बऱ्याच बाळांचा हा त्रास वर्षभरात मावळतो. तोवर प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरवर, म्हणजे ठोके आवरणाऱ्या औषधावर, निभावतं.

औषधांनी आटोक्यात येत असेल, तर ॲब्लेशन, म्हणजे शिरेतून नळी हृदयात नेऊन दोषी वाट जाळणं किंवा गोठवणं, शक्यतो वजन १५ किलोंच्या पुढे जाईपर्यंत लांबवतात. इवल्या हृदयात केलेला व्रण हृदयासोबत वाढू शकतो, आणि एव्ही नोड, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचवणारा ठिपका, मिलिमीटरांच्या अंतरावर असतो. रेडिओलहरींनी नळीचं टोक ५० ते ६० अंशांपर्यंत तापवतात. नोडच्या जवळ काम असेल तेव्हा गोठवणं बरं. उणे ३० अंशांवर आधी चाचणी घेता येते. नोडचं वहन बिघडताना दिसलं की थांबायचं, ते बहुतेकदा पूर्ववत होतं. सगळं ठीक असेल तरच उणे ७०च्या खाली. नोड कायमचा जायबंदी झाला, तर त्या मुलाला आयुष्यभराचा पेसमेकर. नेमकी कुठे कळ दाबायची नाही, हे शिकायलाच वर्षं लागतात.

तीही थोडी नव्हेत. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, बालरोगशास्त्रात एमडी तीन, हृदयरोगात डीएम आणखी तीन. त्यानंतर लयविकारांची फेलोशिप. भारतात फक्त मुलांच्या लयविकारांसाठीच्या जागा मोजक्या, त्यामुळे बरेचसे हात मोठ्यांच्या लॅबमध्ये तयार होतात.

(दृश्य: बाह्यरुग्ण विभाग.)

इथे येणाऱ्या काही मुलांच्या फायलीवर ‘फिट्स’ लिहिलेलं असतं. पोहताना, धावताना किंवा अचानक गजर वाजल्यावर मूल कोसळलं असेल, तर ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे खालचे कप्पे विजेनं चेतून पुन्हा पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, मोजल्याशिवाय फिट्सच्या गोळ्यांवर समाधान मानू नये. लाँग क्यूटी निघाला, तर बीटा ब्लॉकर रोज, एकही डोस न चुकवता. अझिथ्रोमायसिन, ऑन्डान्सेट्रॉन यांसारखी क्यूटी लांबवणारी औषधं टाळायची, म्हणून त्यांची यादी घरी, शाळेत आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यायची. आजार आनुवंशिक आहे. तेव्हा भावंडांचे आणि आईवडिलांचे ईसीजीही काढायचे, त्यांना काही त्रास नसला तरी.