आंबटपणाची राखण

मी मूळचा तासगावकडचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. फेब्रुवारीत बागेत शिरलं की वडील घडाच्या शेंड्याचा एक मणी तोडायचे, ब्रिक्स मीटरच्या काचेवर त्याचा थेंब पाडायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे. साखर किती उतरली, एवढाच प्रश्न असायचा. आंबट माल म्हणजे कच्चा माल, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. ते कुठे मोडलं, ते आज सांगतो.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथे अटलांटिक समुद्र खाड्याखाड्यांनी आत शिरलाय, अगदी आपल्या कोकणासारखा. त्या भागाचं नावच ‘रिआस बाइशास’, म्हणजे खालच्या खाड्या. १९८८मध्ये या नावाला वाइनचा प्रदेश म्हणून अधिकृत दर्जा मिळाला. द्राक्षाची मुख्य जात अल्बारिन्यो: मणी लहान, साल जाड, आत बी.

आता पाऊस. तिथे बऱ्याच भागांत वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पडतो. गगनबावड्याएवढा नाही, पण कोल्हापूर शहरापेक्षा जास्त. एवढ्या पावसात द्राक्ष म्हटलं की आपल्याकडचा बागायतदार हात जोडेल. दावण्या, म्हणजे ओलीत पसरणारा बुरशीचा रोग, काय करतो ते त्यानं भोगलेलं असतं. तिथल्या पावसाचा मोठा वाटा हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना पडतो, हे खरं. पण हवा वर्षभर दमट. म्हणून त्यांनी वेल मांडवावर चढवले. मांडव आपल्याकडेही आहेत, पण त्यांचे खांब ग्रॅनाइटचे, अखंड दगडाचे, कारण जमिनीखाली तोच दगड आहे. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर पानांचं छत, त्याखाली लोंबणारे घड आणि घडांखालून सतत खेळणारा वारा. तो वारा ओल टिकू देत नाही. शेतं इतकी छोटी, की मांडवाखालच्या जागेत पूर्वापार बटाटा, कोबी लावत आले. गुंठाभर जमीनही वाया न घालवणाऱ्या शेतकऱ्याची ही सोय मला फार जवळची वाटली.

सप्टेंबरच्या एका सकाळी काम्बादोस गावाजवळ अशाच मांडवाखाली मी उभा होतो. तोडणी चालू होती. तिथल्या शेतकऱ्यानं मला मणी दिला. गोडी होती, पण मागोमाग असा आंबटपणा आला की जबडा आवळला. आमच्याकडे हा माल अजून पंधरा दिवस ठेवला असता. त्यानं स्वतः एक मणी चावला, बी तळहातावर काढली आणि दाखवली. हिरवी नव्हती, तपकिरी झाली होती. म्हणजे फळ पिकलेलं होतं आणि तरीही आंबट होतं. आम्ही बिनबियांची थॉम्पसन, सोनाका लावणारी माणसं; बी बघून माल ओळखायचा, हे मला कधी सुचणारच नव्हतं.

हे घडतं कसं? द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. उन्हाचा कडाका वाढला की मणी श्वसनात मॅलिक आम्ल जाळून टाकतो. तासगावात मार्च लागेपर्यंत ते बरंचसं गेलेलं असतं. तिथे समुद्र उन्हाळाही थंड ठेवतो, म्हणून साखर सावकाश चढते आणि आम्ल मागे उरतं. पुढे बहुतेक ठिकाणी स्टीलच्या टाक्यांत, थंडाव्यात रस आंबवतात आणि वाइन ताजी असतानाच बाटलीत भरतात. ग्लासात लिंबाची साल, पीच आणि मागाहून हलकी खारट झाक येते. माझ्या मते पांढऱ्या वाइनमध्ये याहून लख्ख चव क्वचितच सापडते.

तिथले लोक ती शिंपले आणि ऑक्टोपसबरोबर पितात. तुम्ही विचाराल, कोल्हापुरात कशाबरोबर? तांबड्याबरोबर नको, अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. पांढरा रस्सा मात्र जरूर. नारळाचं दूध, काजू, खसखस यांचा जो दाट थर जिभेवर बसतो, तो हा आंबटपणा एका घोटात धुऊन काढतो. रव्यात तळलेल्या सुरमईबरोबर तर लिंबूही पिळावं लागत नाही. फक्त बर्फासारखी गार करू नका, वास मरतो. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग ओता.