झाकण टाक की रे!

(भट्टीची घरघर. लाल उजेड.)

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. ओतकामाचा कारखाना, म्हणजे फाउंड्री. विजेच्या इंडक्शन भट्टीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळतंय. मेल्टर लांब सळईने वरचा स्लॅग, म्हणजे तरंगणारी मळी, ओढून काढतो. त्यासाठी मागे सारलेलं झाकण तसंच राहतं. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस, आणि वर उघडं तोंड! झाकण टाकायला मिनिटही लागत नाही.

मग टाकत का नाही? त्याचा बोनस टनावर आहे म्हणून. किती टन ओतलं, हे सुपरवायझर रोज विचारतो. किती युनिट जळले, हे महिन्याने बिल आल्यावर एकटा मालक बघतो.

टनभर बीड वितळवून ओतण्याइतकं तापवायला हिशेबाने 400 युनिटच्या आसपास पुरावेत. प्रत्यक्षात 550 ते 650 सहज जातात. हा सगळा फरक माणसांच्या माथी मारता येणार नाही. भट्टीचीही घट असतेच. पण उघडं झाकण, वाळू चिकटलेलं भंगार, साचे तयार नाहीत म्हणून नुसताच तापत ठेवलेला रस, हे कामाच्या सवयीतलं आहे.

साच्याच्या वाळूचं तसंच. मिक्सरवरचा जुना माणूस मूठभर वाळू दाबतो, गोळा मोडतो, कड बघतो. पाणी जास्त झालं तर कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या तुकड्याला, ब्लो होल (वाफेची भोकं) येणार, माल रिजेक्ट होणार आणि तोच तुकडा पुन्हा भट्टीत जाणार. वीज दुसऱ्यांदा.

2014 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून 'झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट' ही घोषणा झाली: मालात दोष नको, पर्यावरणाला झळ नको. पुढे त्याच नावाने लघुउद्योगांसाठी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी प्रमाणपत्रं आली. फाउंड्रीत ही दोन शून्यं वेगळी नाहीतच. पण प्रमाणपत्र लागतं ऑफिसच्या भिंतीला, आणि वाळू भिजवतो तो ठेकेदाराचा माणूस. चाळीस माणसांच्या कारखान्यात एचआर म्हणजे मालक, अकाउंटंट आणि हाच ठेकेदार. हाताखाली शिकून तयार झालेला पोरगा सणाला गावी जातो आणि परत येतो तो शेजारच्या शेडमध्ये, रोज चार पैसे जास्त मिळतात म्हणून. त्याला दोष कसा द्यायचा?

(दुसरी शेड. भट्टीशेजारी फळा.)

इथे खडूने तीन रकाने आखलेत: हीट (भट्टीची एक खेप), टन, युनिट. तिसरा रकाना मेल्टरनेच भरायचा. वाचलेल्या युनिटचा वाटा पगारात येतो, हेल्परच्यासुद्धा.

स्लॅग काढून झाला. मेल्टर मान न वळवताच ओरडतो,

"झाकण टाक की रे!"