अर्धा फोटो

नमस्कार श्रोतेहो. 2001 सालची गोष्ट. कोल्हापूरकडचे एक मामा छातीचा फोटो काढायला माझ्याकडे आले. फोटो म्हणजे एक्स-रे, आपण सगळे फोटोच म्हणतो. टीबीच्या औषधांचा कोर्स दोनदा झालेला, थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह, आणि दम इतका की बोलताना वाक्य तुटायचं.

फोटो दिव्यावर लावला. दोन्ही फुप्फुसांत, वरच्या बाजूला दाट, मोहरी सांडल्यासारखे ठिपके.

"मामा, काम काय करता?"

"कंपनीत हाय."

"कंपनीत म्हणजे नेमकं काय?"

"फौंड्रीत. साचा फोडायचा, वाळू झटकायची. बावीस वर्सं झाली."

"हे आधी सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई, डॉक्टर."

जुना फोटो आहे का, विचारलं. मामी दुसऱ्या दिवशी पिशवीतून घेऊन आल्या, पण अर्धाच! खालचा भाग पोरांनी 1999 च्या सूर्यग्रहणाला कापून नेलेला. (एक्स-रेतून ग्रहण बघू नका हो, डोळे जातात. हे किती वेळा सांगायचं? आणि हल्ली तर लोक ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फोटोचा फोटो मोबाइलवर पाठवतात, त्यात मला ट्यूबच दिसते.) पण नशीब बघा, उरला होता तो वरचा भाग. सिलिकोसिसचे ठिपके आधी तिथेच दिसतात. सात वर्षांपूर्वीही ते होते, फक्त विरळ.

सिलिकोसिस म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीनं फुप्फुसात पडलेल्या गाठी. त्या विरघळवणारं औषध नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं नमुन्याचे फोटो ठरवून दिलेत. ते शेजारी लावायचे आणि ठिपक्यांचा आकार नि दाटी जुळवायची; दाटीला शून्य ते तीन असे आकडे. सुरुवातीचे ठिपके साध्या फोटोत सुटतात, सीटी स्कॅनमध्ये सापडतात. पण टीबीचे ठिपकेही असेच दिसू शकतात. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबी लवकर गाठतो, म्हणून थुंकी तपासायचीच. म्हणजे फोटो ठिपके दाखवतो, ते कशाचे हे कामावरून कळतं. पुन्हा सांगतो, ठिपके फोटोत, कारण कामात. तेव्हा काम सांगताना नुसतं 'कंपनीत' म्हणू नका. वाळू, दगड, ग्राइंडिंग, किती वर्षं, सगळं सांगा.

मामांना वाळूपासून दूर, गेटवर काम मिळालं. जाताना त्यांनी तो अर्धा फोटो परत मागून घेतला.

"ऱ्हाऊ दे घरात," म्हणाले, "पोरांस्नी सांगतो, ह्यो कापायचा न्हाई."