मंत्र, पाणी आणि चहा

नमस्कार श्रोतेहो.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर तुमच्यापैकी अनेकजण गेले असाल. गेल्या खेपेला माझ्या शेजारी एक आजी पणत्या लावत होत्या. वाऱ्यानं एक विझली, तशी नातीला म्हणाल्या, "काडी कशाला ओढतीस? शेजारच्या पणतीवरनं लाव की."

याच नदीवर १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज स्नानाला आले होते. सोबत संस्कृतचे पंडित राजारामशास्त्री भागवत होते. भटजी वेदोक्त, म्हणजे वेदांतले नव्हे, तर पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले मंत्र म्हणतायत, हे शास्त्रीबुवांच्या ध्यानात आलं. विचारणा झाली, तेव्हा भटजींनी सांगितलं की शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच नगरीत हे ऐकावं लागलं! पुढे राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, वेदोक्त करायला नकार दिला, महाराजांनी त्यांचं वतन काढून घेतलं आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांतून रान उठलं.

मंत्र कुठला म्हटला, एवढ्यावरून हे सगळं कशाला, असं आज वाटेल. पण उच्चनीचता देवाच्याच नावानं ठरवलेली होती. राजवाड्यात हुकूम चालायचा, घाटावर नाही. म्हणून भांडण घाटावरच करावं लागलं. माझं मत स्पष्ट आहे: महाराजांनी धर्म टाकला नाही, त्याच्या किल्ल्या मागितल्या. १९२० साली त्यांनी सदाशिवराव बेनाडीकर पाटील यांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, म्हणून पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर बसवलं, ते त्याच हिशेबानं. जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्याच काहींना ते रुचलं नाही. भटजी गेले आणि जगद्गुरू आले, मग मधला दलाल हटला कुठं, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

तिकडे अमेरिकेत माँटगोमेरीला ५ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणाऱ्या बसवरचा बहिष्कार पुढे चालू ठेवायचं ठरलं, तेही एका चर्चमध्ये. काळ्या माणसांना हक्काची जागा तीच होती, आणि तिथली गाणी सगळ्यांना पाठ होती. आपल्याकडे साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून दहा दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. ज्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, त्याच्या आत चोखोबांच्या माणसांना मज्जाव होता. वारकऱ्यांना त्यांच्याच अभंगाची आठवण करून द्यावी लागली.

पण वेदोक्ताचा मंत्र मिळाला तो मराठ्यांना. त्याखालच्या माणसाचं काय? म्हणून मला गंगाराम कांबळे यांची गोष्ट त्या सगळ्या वादापेक्षा मोठी वाटते. सरकारी पागेतल्या या नोकराला, मराठ्यांच्या पाण्याला शिवला म्हणून, सोबतच्यांनी मारलं. महाराजांनी त्याला धंद्याला उभं केलं. 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल निघालं. महाराजांची गाडी त्या रस्त्यानं निघाली की दारात थांबायची आणि गंगारामच्या हातचा चहा मागवला जायचा. गाडीत सोबत बसलेल्या बड्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. पहिल्या कपाला कुणाचा हात कापला असेल, कुणी डोळे मिटून घोट घेतला असेल. मंत्र नाही, होम नाही. पाणी मात्र तेच, ज्याला शिवलं म्हणून गंगारामला मार पडला होता.